हे तुला कसं कळलं?

वर्गात प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती वेळ थांबतात, हे अमेरिकेतल्या मेरी बड रो या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासिकेने मोजलं होतं. वर्गांची ध्वनिमुद्रणं ऐकून त्यांनी १९७०च्या दशकात जे निष्कर्ष मांडले, त्यातला एक आकडा मला अजून अस्वस्थ करतो. सरासरी साधारण एक सेकंद! तेवढ्यात उत्तर आलं नाही की शिक्षक प्रश्न बदलतात, दुसऱ्या मुलाकडे वळतात किंवा उत्तर स्वतःच सांगून टाकतात. रो यांनी काही शिक्षकांना तीन सेकंद थांबायची सवय लावली. एवढ्यानेच मुलांची उत्तरं लांबली, ती कारणं देऊ लागली, एकमेकांच्या बोलण्याला धरून बोलू लागली, आणि ज्यांच्याकडून शिक्षकांना फारशी आशा नव्हती तीही बोलती झाली.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. वर्गात साठच्या आसपास मुलं, तास पस्तीस मिनिटांचा, आणि पोर्शन वेळेत पुरा करायचा असतो. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण फळ्यापाशी उभं राहून ते मोजून बघावेत. मुलं गप्प बसली तर चालतं, त्याला आपण शिस्त म्हणतो. शिक्षक गप्प उभा राहिला तर मात्र काम बंद पडल्यासारखं वाटतं. मुलांना वाटतं, व्हरांड्यातून जाणाऱ्या मुख्याध्यापकांना वाटतं, सगळ्यांत जास्त शिक्षकाला स्वतःला वाटतं. पहिल्या बाकावरचे दोन हात वर आलेलेच असतात. त्यांच्याकडे बोट दाखवलं की तास पुढे सरकतो, आणि उरलेल्या मुलांच्या मनात जे नुकतं कुठे सुरू झालेलं असतं ते तिथेच मिटतं.

विचार करायची सवय मुलांना लावावी, असं सगळेच म्हणतात. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही घोकंपट्टीपेक्षा आकलनावर आणि चिकित्सक विचारावर भर आहे. पण ही सवय लावायची म्हणजे सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं, हे कुणी सांगत नाही. मग परिपाठात एखादा सुविचार वाचला जातो, एखादं व्याख्यान ठेवलं जातं, आणि पहिल्या तासाला पुन्हा "पान नंबर चोवीस काढा". वेगळ्या तासाने ही सवय लागत नाही, असं माझं ठाम मत आहे. ती लागली तर रोजच्या तासांतूनच लागेल, आणि त्यासाठी एकच छोटा प्रश्न प्रत्येक विषयाच्या शिक्षकाने मायेने, पण न चुकता विचारत राहायला हवा : हे तुला कसं कळलं?

मायेने हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. आपल्याकडे हा प्रश्न चोरी पकडल्याच्या स्वरातच विचारला जातो. त्यामुळे वर्गात तो पहिल्यांदा आला की मुलगा उत्तर बदलतो. "कसं कळलं?" म्हणजे "चुकलं", एवढंच तो आजवर शिकलेला असतो. यावर उपाय एकच, बरोबर उत्तरालाही हाच प्रश्न विचारायचा. किंबहुना बरोबर उत्तराला आधी. काही आठवडे मुलं गोंधळतात, काही जणांना रागही येतो. "मॅडम, बरोबर आहे ना, मग का विचारताय?" हळूहळू त्यांना उमगतं की इथे उत्तराइतकीच उत्तरापर्यंतची वाटही ऐकून घेतली जाते.

सुरुवातीला जी कारणं मिळतात ती ठरलेली असतात. पुस्तकात आहे. क्लासच्या सरांनी सांगितलं. यूट्यूबवर बघितलं. "असंच." यांतल्या कुठल्याही उत्तराला हसायचं नाही, हे मी स्वतःवर घातलेलं बंधन आहे. आपल्याला ठाऊक असलेल्या बहुतेक गोष्टी दुसऱ्यानेच सांगितलेल्या असतात. सूर्य पृथ्वीपासून सुमारे पंधरा कोटी किलोमीटर दूर आहे हे मी मोजलेलं नाही, माझा त्यावर विश्वास आहे. प्रश्न पुढचा असतो. ज्याने सांगितलं त्याला कसं कळलं? त्याच्या सांगण्याची दुसरीकडे कुठे पडताळणी करता येईल का? आणि यातलं काही आपल्या हाताने, आपल्या पटांगणात तपासता येईल का?

पटांगणात तपासता येण्यासारखं सगळ्यांत सुंदर वाक्य म्हणजे "दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर असतो". नववीतलं एकही मूल यावर शंका घेत नाही. हे सांगायला पुस्तकही लागत नाही, घरीदारी सगळे तसंच म्हणतात. डिसेंबरच्या शेवटी, आकाश स्वच्छ असताना, आम्ही मैदानात एक मीटर लांबीची काठी उभी करतो आणि साडेअकरापासून दर दहा मिनिटांनी तिच्या सावलीच्या टोकाशी खूण करतो. बारा वाजतात, सावली अजून आखडतच असते. सव्वाबारा होतात, तरी आखडतेच. साडेबाराच्या पुढेमागे ती सगळ्यांत आखूड होते आणि मग दुसऱ्या बाजूला वाढायला लागते.

इथून पुढचं मला फार मोलाचं वाटतं. मुलं आधी घड्याळावर संशय घेतात. मग तीन-चार मोबाइल-घड्याळं ताडून पाहिली जातात, ती बरोबर निघतात. मग काठीवर संशय येतो, वाकडी रोवली असणार. एका वर्षी ज्याचे वडील गवंडी आहेत असा एक मुलगा दुसऱ्या दिवशी घरून ओळंबा घेऊन आला आणि त्याने काठी चारही बाजूंनी तपासून सरळ केली. पुन्हा मोजलं, पुन्हा साडेबारा. आपल्या समजुतीला धक्का बसला की आधी साधनं तपासायची, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. चांगला शास्त्रज्ञही हेच करतो. पण साधनं ठीक आहेत असं दिसल्यावर समजुतीकडे परत यायचं, ही पायरी मात्र हाताला धरून चढवावी लागते. बरीचशी मोठी माणसंही तिथेच थांबतात.

मग भूगोलाचं पुस्तक उघडतं. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावरची, ते उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातं. साताऱ्याचं रेखांश सुमारे ७४ अंश. साडेआठ अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटं, म्हणजे चौतीस मिनिटं. नववीच्या मुलांना हा हिशेब पाठ असतो, परीक्षेला येतो म्हणून. तोच हिशेब आपल्या काठीच्या सावलीत उतरलेला पाहून त्यांचे चेहरे जे होतात, त्यासाठी मी हा उद्योग दरवर्षी करते.

पण गोष्ट इथे संपत नाही. सगळ्यांत आखूड सावलीही ८६-८७ सेंटिमीटर भरते. मीटरभर काठीची! मग सूर्य डोक्यावर कुठे आहे? तो दक्षिणेकडे बराच कललेला असतो, उंची जेमतेम एकोणपन्नास अंश. दहावीला गेल्यावर त्रिकोणमितीचा पाठ येतो तेव्हा हीच सावली पुन्हा काढायची, आणि पुस्तकातल्या "एका मनोऱ्याची सावली"ऐवजी स्वतःच्या काठीवरून कोन काढायचा. सूर्य खरोखर डोक्यावर येतो तो वर्षातून दोनच दिवस, तेही कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहणाऱ्यांसाठी. दिल्लीकरांच्या तो कधीच डोक्यावर येत नाही. सिंधुदुर्गात हा शून्य सावलीचा दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, साताऱ्यात १० मेच्या आसपास, मुंबईत १५-१६ मेला, नागपुरात २६ मेच्या सुमारास. दुसरा दिवस जुलै-ऑगस्टमध्ये. पहिल्याला उन्हाळ्याची सुट्टी असते आणि दुसऱ्याला ढग. म्हणून महाराष्ट्रातली बहुतेक मुलं शाळेत दहा वर्षं काढूनही ही गोष्ट शिक्षकांबरोबर कधीच पाहत नाहीत. मी सुट्टीचा एवढा एकच अभ्यास देते. १० मेला दुपारी सव्वाबारा ते पाऊण अंगणात एक उभी बाटली ठेवा आणि काय होतं ते लिहून आणा.

एखाद्या वर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला आणि फेब्रुवारीच्या मध्यालाही मोजून घेतलं तर आणखी एक कोडं हाती लागतं. नोव्हेंबरात सगळ्यांत आखूड सावली सव्वाबाराच्या जरा पुढे पडते, फेब्रुवारीत पावणेएकच्या सुमारास. रेखांश तर बदललेलं नाही. मग हा अर्धा तास आला कुठून? पृथ्वीची लंबवर्तुळाकार कक्षा आणि कललेला आस यांतून तो येतो, पण हे मी लगेच सांगत नाही. महिनाभर प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात तसाच लिहिलेला राहतो. उत्तर नसलेल्या प्रश्नासोबत महिना काढता येणं, हे शाळेत शिकायच्या गोष्टींत मी वरच्या क्रमांकाला ठेवते.

गणिताच्या तासाला एक वेगळा खेळ करते. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० साली लंडनमध्ये केलेला हा प्रयोग. मी फळ्यावर २, ४, ६ असे आकडे लिहिते आणि सांगते, हे तीन आकडे माझ्या मनातल्या एका नियमात बसतात. तुम्ही तीन-तीन आकडे सुचवा, मी बसतात की नाही एवढंच सांगेन. खात्री झाली की नियम सांगा. लगेच सुरुवात होते. ८, १०, १२? बसतात. २०, २२, २४? बसतात. १००, १०२, १०४? बसतात. वर्ग एका सुरात ओरडतो, दोन-दोनने वाढणाऱ्या सम संख्या! नियम तो नसतो. मग दोनने वाढणाऱ्या कुठल्याही संख्या? तोही नसतो. नियम फक्त इतकाच असतो की प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा हवा. १, ७, ५०० देखील बसतात.

वेसन यांच्या प्रयोगातल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनीही पहिल्या वेळी चुकीचाच नियम सांगितला होता, हे मी मुलांना आवर्जून सांगते. मग विचारते, तुम्ही सुचवलेल्या आकड्यांत "बसत नाहीत" असं उत्तर मिळावं म्हणून कुणी आकडे सुचवले? शांतता. सगळ्यांनी आपल्याला जे वाटतं त्याला होकारच गोळा केला होता. ५, ३, १ असं एकदा विचारलं असतं, किंवा २, ४, ७, तर एका फटक्यात कितीतरी कळलं असतं. आपलं म्हणणं खोटं ठरेल असा प्रश्न स्वतःहून विचारायचा, ही माणसाच्या स्वभावाला न रुचणारी गोष्ट आहे. ती सरावानेच येते. आता आमच्या वर्गात कुणी घाईने निष्कर्ष काढला की मागच्या बाकावरून कुणीतरी "पाच तीन एक विचार की!" म्हणतं. हे ऐकायला मला मनापासून आवडतं.

आकड्यांचा अर्थ सोडून आकडेमोड करायची सवयही अशीच खोल गेलेली असते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारलं होतं की एका बसमध्ये ३६ सैनिक मावतात, ११२८ सैनिकांना न्यायला किती बस लागतील? भागाकार बहुतेकांनी बरोबर केला, पण बरोबर उत्तर देणारी चौथ्या हिश्शाहूनही कमी होती. बऱ्याच जणांनी "३१ बाकी १२" असं लिहिलं. आमची मुलंही हेच लिहितात. उरलेले बारा जण रस्त्यावर उभे आहेत, हे त्यांना दिसत नाही, कारण गणिताच्या वहीत माणसं असतात असं त्यांना कधी वाटलेलंच नसतं.

प्रयोगवहीचंही तेच. ओहमच्या नियमाचा प्रयोग करताना एखादं वाचन सरळ रेषेच्या बाहेर गेलं की मुलं ते गुपचूप खोडतात आणि रेषेवर बसेल असं लिहितात. मी सांगून ठेवलं आहे, रेषेबाहेरचं वाचन तसंच ठेवा, त्याला गोल करा, आणि ते तिथे का गेलं असेल याची दोन कारणं लिहा. तारेचं टोक सैल होतं, बॅटरी उतरली होती, वायर तापली होती. कारण चुकलं तरी गुण जात नाहीत, खोडलं तर जातात.

आमचे इतिहासाचे सर आणि मी यावर बरंच बोलतो. २०१८ साली आलेल्या दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकातली पहिली दोन प्रकरणं इतिहासलेखनावर आहेत. भूतकाळाबद्दल आपल्याला कळतं कसं, साधनं कशी तपासायची, कुठल्या कागदावर किती विसंबायचं, हे सगळं पंधरा वर्षांच्या मुलांसमोर पहिल्यांदाच इतक्या मोकळेपणाने मांडलं आहे. मला ही प्रकरणं पुस्तकातली सर्वांत धाडसी वाटतात. पण परीक्षेच्या वाटेवर ती व्हॉल्टेअर आणि फुको या विचारवंतांच्या नावांच्या रिकाम्या जागांवर येऊन थांबतात. सर मग ती प्रकरणं शिवजयंतीपासून सुरू करतात. मुलांना खरोखर पडलेला प्रश्न तिथे असतो, महाराजांची जयंती दोनदा-तीनदा का होते?

उत्तर शोधायला गेलं की कागद समोर येतात. उत्तरकालीन बखरींमुळे शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया ही तिथी रूढ होती, म्हणजे इ.स. १६२७. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या सालवार नोंदींत, मात्र शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया आहे, म्हणजे १६३०. लोकमान्य टिळकांनी या शकावलीकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. पुढे महाराजांच्या हयातीत रचलेलं कवींद्र परमानंदांचं शिवभारत हे संस्कृत काव्य उजेडात आलं, त्यातही फाल्गुन वद्य तृतीयाच. एकमेकांशी संबंध नसलेले दोन जुने आधार एकच तिथी सांगतात, तेव्हा तिचं वजन वाढतं. आणि १९ फेब्रुवारी की फाल्गुन वद्य तृतीया हा वाद तर एकाच दिवसाला दोन पंचांगांतून पाहण्याचा आहे. सर मुलांना फळ्यावर दोन रकाने आखायला लावतात : कुणी लिहिलं, आणि घटनेनंतर किती वर्षांनी लिहिलं. एवढे दोन रकाने भरता आले की ती प्रकरणं पाठ करावी लागत नाहीत. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवरून अस्सल कागद का गोळा केले, तेही मग वेगळं सांगावं लागत नाही. श्रद्धा आणि पुरावा एकत्र नांदू शकतात, हे मुलं त्या तासाला प्रत्यक्ष पाहतात. महाराजांबद्दलचं प्रेम त्या दोन रकान्यांनी कणभरही कमी होत नाही, उलट त्यांच्याविषयी आपण जे बोलतो ते नीट तपासून बोलावं, असं मुलांना वाटायला लागतं.

हे सगळं बौद्धिक हौस म्हणून करायचं, असं कुणाला वाटत असेल तर मला त्यांना १ जुलै २०१८ या तारखेची आठवण करून द्यायची आहे. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा या गावी, आठवड्याच्या बाजारात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच माणसांना ठार मारलं. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेली माणसं होती. त्या काळात देशभर मोबाइलवर एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरच्या मुलाला उचलून नेतात. तो मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेल्या जनजागृतीच्या चित्रफितीतला तुकडा होता. शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तेवढा शेवट कापून टाकला होता.

नववी-दहावीच्या मुलांना मी हे सांगते. काही पालकांना ते वयाच्या मानाने जड वाटतं. पण ही मुलं त्या बाजारात असू शकली असती, हातात मोबाइल घेऊन. "हे तुला कसं कळलं?" हा प्रश्न त्या दिवशी गर्दीतल्या काही जणांनी मोठ्याने विचारला असता तर काय झालं असतं, हे मला सांगता येणार नाही. तो विचारायची सवय ज्यांना नाही अशा माणसांची गर्दी मात्र माझ्याच वर्गांतून बाहेर पडत असते, हा विचार मला शांत बसू देत नाही.

सराव मात्र हलक्या गोष्टींवर द्यायचा. दिवाळीत दरवर्षी उपग्रहातून घेतलेलं म्हणून रंगीबेरंगी भारताचं एक छायाचित्र फिरतं. मुलं आपणहून दाखवायला आणतात. मी विचारते, दिव्यांचा प्रकाश निळा, हिरवा, लाल अशा वेगवेगळ्या पट्ट्यांत का दिसतो? शहरांच्या कडेला एक रंग आणि मध्यावर पांढरा का? तेवढ्यावरून कुणीतरी शंका काढतं की हा नकाशा असावा. आणि ते खरंच आहे. १९९२ ते २००३ या काळात रात्रीचे दिवे कुठे कुठे वाढत गेले, ते वेगवेगळ्या रंगांनी दाखवण्यासाठी अमेरिकन शास्त्रज्ञांनी उपग्रहाच्या नोंदींवरून ते बनवलं होतं. दिवाळीचा त्याच्याशी संबंध नाही. हे कळल्यावर मुलांना फसल्याचं वाईट वाटत नाही, शहरं कशी पसरत गेली ते त्याच चित्रात शोधायला ती वाकतात.

अशी मुलं घरी गेल्यावर काय होतं, हाही प्रश्न आहे, आणि तो टाळून चालणार नाही. ग्रहणात गरोदर बहिणीला भाजी का चिरू देत नाही, असं आजीला विचारणाऱ्या मुलीला घरात बोलणी बसतात. बालभारतीच्या पुस्तकांत छापलेल्या मूलभूत कर्तव्यांमध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी यांचा विकास करणं हे कर्तव्य आहे. १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ते आलं. पण संविधानाचं कलम आजीपुढे धरायचं नसतं. मी मुलींना सांगते, आजीला आधी विचार की तिला हे कुणी सांगितलं, तिच्या लहानपणी ग्रहण कसं पाळायचे, तिला स्वतःला काय वाटायचं. विचारण्यातून नातं तुटायला नको. ज्या आजीचं आपण नीट ऐकून घेतलं, ती कधीकधी आपलंही ऐकते. ऐकलं नाही तरी मुलीच्या स्वतःच्या वेळी काय करायचं, ते तिच्या हातात असतं.

पालकसभेत एकदा एका वडिलांनी उभं राहून विचारलं, "मॅडम, हे सगळं ठीक आहे, पण दहावीला मार्क पडतील का?" ते ऊसतोडीच्या हंगामात मुकादमाबरोबर हिशेब करणारे, प्रत्येक आकडा दोनदा तपासणारे गृहस्थ. प्रश्न अगदी योग्य होता. मी त्यांना खोटा दिलासा दिला नाही. पाठांतरावरही मार्क पडतात, भरपूर पडतात. मराठीच्या कृतिपत्रिकेत स्वमत विचारतात, आणि त्याचीही तयार उत्तरं गाईडमध्ये मिळतात. मुलं दुसऱ्याने लिहिलेलं स्वतःचं मत पाठ करून जातात आणि त्यांना पुरते गुण मिळतात. व्यवस्था अशी असताना एखाद्या आईबापाला मी कुठल्या तोंडाने सांगू की निर्धास्त राहा? मी एवढंच म्हणाले, पाठांतर तो क्लासमध्ये करेलच. अकरावीला, आयटीआयला किंवा कामाला लागल्यावर जिथे गाईड मिळत नाही, तिथल्यासाठी शाळेत थोडी जागा राहू द्या.

परीक्षाच वेगळी घेता येते, हे मात्र आपल्या शेजारच्या राज्याने दाखवून दिलं आहे. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांत १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू केला. सहावी ते आठवीची, सरकारी शाळेतली, खेड्यातली मुलं. प्रयोग करून, गावात हिंडून शिकायचं, आणि परीक्षेला पुस्तक-वही उघडी ठेवून बसायचं. मुलांच्या प्रश्नांना उत्तर द्यायला सवालीराम नावाचं एक पात्र होतं, त्याला मुलं पत्रं लिहायची. पुण्यात टेल्कोत इंजिनिअर असलेले अरविंद गुप्ता १९७८ साली रजा घेऊन तिथे गेले आणि काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी अशा सामानातून खेळणी करायला लागले. पुढे पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत त्यांनी मुलांसाठी केलेलं काम मराठी शाळांना परिचयाचं आहे. तो कार्यक्रम शेकडो शाळांत पसरला, तीस वर्षं चालला, आणि २००२ साली राज्य सरकारने तो बंद केला. तो बंद झाल्याचं मला आजही दुःख होतं. साध्या शाळांत, साध्या शिक्षकांकडून, फारशा खर्चाशिवाय हे होऊ शकतं, याचा तीस वर्षांचा पुरावा आपण बाजूला ठेवून दिला.

बोर्डाचा पेपर आमच्या हातात नाही, घटक चाचणी आहे. म्हणून आम्ही तीन शिक्षकांनी ठरवलं, आपापल्या विषयाच्या प्रत्येक घटक चाचणीत पाच गुणांचा एक प्रश्न असा घालायचा की तो सोडवताना पुस्तक उघडायला परवानगी असेल. मुलं आधी खूश झाली आणि पेपर हातात पडल्यावर हिरमुसली, कारण पुस्तकात उत्तर सापडेना. दुसऱ्या चाचणीपासून पानं उलटणं कमी झालं.

गेल्या चाचणीत सांख्यिकीवरचा प्रश्न असा होता : "तालुक्यात गेल्या वर्षीपेक्षा रस्ते अपघात दुप्पट झाले, असं कुणीतरी सांगितलं. त्यावरून रस्ते जास्त धोकादायक झाले असं म्हणण्याआधी तुम्हाला आणखी काय माहीत असायला हवं?" दुप्पट म्हणजे दोनाचे चार की दोनशेचे चारशे, असं बऱ्याच जणांनी लिहिलं. काहींनी यंदा गाड्या किती वाढल्या ते विचारलं, काहींनी नवा रस्ता सुरू झाला का ते. एका मुलीने लिहिलं, "मागच्या वर्षी लोक पोलिसांकडे नोंद करायला जात होते का? आमच्या वाडीत माझ्या काकांचा अपघात झाला होता, आम्ही कुठेच नोंदवला नाही." माझ्या उत्तरसूचीत हा मुद्दा नव्हता. तो मी पेनाने खाली लिहून घेतला, आणि तिला पाचपैकी पाच दिले.